बाबांची जुनी ट्विन आणि तिचे पुढचे शॉकअप : कामाच्या नोंदी

११ ऑक्टोबर, शनिवार

गाडी चालू होऊन दोन महिने झाले. इंजिन, वायरिंग, कार्ब्युरेटर सगळं मार्गी लागलं आणि गाडी पळायला लागल्यावर मग कळलं की पुढचं टोक काय नखरे करतंय. सत्तरच्या दशकातली ३५० सीसी ट्विन (दोन सिलिंडरवाली) आहे, पुढे साधे डॅम्पर रॉडवाले शॉकअप (आतल्या रॉडच्या भोकांतून ऑइल ढकलून धक्का जिरवणारे), पाइप ३५ मिमीचे. ब्रेक दाबला की नाक खाली घालते, आणि तीच गाडी रस्त्यावरच्या एखाद्या बारक्या जोडावरून गेली की थेट मनगटात ठणका. म्हणजे मऊ पण आहे आणि कडक पण आहे, दोन्ही एकदम. मोठ्या खड्ड्यात तर दाणकन आवाज येतो आणि पुढचं चाक क्षणभर कुठे आहे तेच कळत नाही.

बाबांना विचारलं, तुम्ही ही वीस वर्षं कशी चालवलीत? तर म्हणाले, "अगं तेव्हा सगळ्याच गाड्या अशा होत्या. जाड ऑइल घाल, बसेल गप्प."

जाड ऑइल हे या विषयातलं क्रोसिन आहे, काहीही झालं तरी तेच. मी नाही घालणार, निदान आधी तरी नाही. आधी मोजणार, मग उघडणार, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणार. हे इथे लिहून ठेवतेय कारण मलाच माहितीये की तीन आठवड्यांनी मी हे विसरणारे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सॅग मोजला, म्हणजे नुसत्या वजनाने शॉकअप किती दबतो ते. ज्यांनी कधी मोजला नसेल त्यांच्यासाठी सांगते, टेप आणि दोन माणसं एवढंच लागतं. शॉकअपच्या पाइपचा उघडा भाग मोजायचा, डस्ट सीलच्या वरच्या कडेपासून खालच्या टीच्या (दोन्ही पाइपांना धरणारा आडवा तुकडा) खालच्या कडेपर्यंत. पहिलं माप पुढचं चाक हवेत असताना, शॉकअप पूर्ण सुटलेला. मग आपण गाडीवर बसायचं, पुढचं टोक खाली दाबून अगदी हळू वर येऊ द्यायचं, जिथे थांबेल ते दुसरं माप. मग उलटं, हँडलला धरून वर उचलायचं आणि हळू खाली बसू द्यायचं, ते तिसरं.

माझी मापं : १८२, ११८, १४२.

दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी १३०, म्हणजे सॅग ५२ मिमी. एकूण ट्रॅव्हल (शॉकअप जास्तीत जास्त किती दबतो ते) आहे ११५. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा सॅग असावा असं धरतात, म्हणजे इथे ३० ते ३८, आणि ही गाडी मी नुसती बसले तरी जवळजवळ निम्मी खाली गेलेली असते. ब्रेकसाठी उरतं काय मग.

पण मला जास्त धक्का बसला तो ११८ आणि १४२ मधल्या फरकाचा. २४ मिमी! त्याच गाडीवर तीच बाई बसलीये, आणि शॉकअपला एकदा इथे थांबावंसं वाटतं, एकदा तिथे. हे सगळं घर्षण. माझ्याकडे धडधाकट शॉकअपची तुलना नाही पण ५-७ मिमी असेल तर चालतं म्हणतात, २४ म्हणजे आत काहीतरी अडकतंय. आणि अडकणारा शॉकअप बारका धक्का गिळतच नाही, तो आधी अडकलेला सुटायला लागतो, तोपर्यंत धक्का हातात आलेला असतो. मनगटाचा ठणका बहुतेक इथूनच येतोय.

बाबा हँडल धरून उभे होते. म्हणाले, सील जुने झाले असतील. असतील. पण २४?

पाइपला एक झिपटाय बांधून एक फेरी मारून आले. झिपटाय सील वर ढकलत नेतो आणि जिथपर्यंत शॉकअप दबला तिथे राहतो, यापेक्षा स्वस्त मोजमापाचं यंत्र जगात नाही. दोन नेहमीचे ब्रेक मारले, काही अचाट नाही, आणि झिपटाय तळापासून ५ मिमीवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबायला ५ मिमीच बाकी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पुढचं चाक, ब्रेक, मडगार्ड काढलं. मडगार्डचा शेवटचा बोल्ट सुटताना 'टंग' असा आवाज झाला आणि ब्रॅकेट बॉटमपासून (शॉकअपचा खालचा भाग, ज्यात पाइप सरकतो) एकदम लांब उडालं. ताण होता बहुतेक. नोंद करून ठेवतेय.

पाइप टीमधून काढायच्या आधी पाइपच्या वरच्या टोप्या सैल करून घेतल्या. हे आधीच करायचं, पाइप टीमध्ये घट्ट धरलेले असतात तोवर. नंतर पाइप हातात घेऊन टोपी सोडवत बसायचं म्हणजे कुस्ती.

१९ ऑक्टोबर, रविवार

शॉकअप उघडले. उजव्या बाजूचं जे निघालं त्याला ऑइल म्हणणं म्हणजे ऑइलचा अपमान, करडं, वास मेलेल्या माशासारखा, तळाशी अॅल्युमिनियमची चमचमती चिखलपेंड. या शॉकअपला वेगळे बुश (झिजले की बदलायच्या कड्या) नाहीत, स्टीलचा पाइप सरळ अॅल्युमिनियमच्या बॉटममध्येच सरकतो, तेव्हा झिजलं की बॉटमच झिजतो आणि तो चुरा ऑइलमध्ये फिरत राहतो. बॉटम आतून हाताने चाचपले, ओरखडे आहेत पण पाइप घालून हलवला तर खेळ फार नाही. चालतील.

डाव्या बाजूचा डॅम्पर रॉडचा खालचा एलन बोल्ट काही केल्या सुटेना, बोल्टबरोबर आतला रॉडच गरगर फिरतो. स्प्रिंग परत आत टाकून, टोपी लावून, पाइप दाबून धरला की कधीकधी रॉड अडून बसतो, नाही बसला. शेवटी झाडूच्या दांड्याचं टोक कानशीने निमुळतं केलं, वरून आत घालून रॉडच्या डोक्यात ठोकून बसवलं, बाबांनी दांडा धरला, मी खालून पाना मारला, दुसऱ्या झटक्याला सुटला. झाडू आता टेकून ठेवता येत नाही त्यावरून घरात वेगळी चर्चा झाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज पाइपांचा दिवस. पाइप वाकलाय का हे डोळ्याने बघून कळत नाही, म्हणजे कळलं तर तो पाइप भंगारात टाकायच्याच लायकीचा असतो. व्ही ब्लॉकवर ठेवून मधोमध डायल गेज लावला आणि हळू फिरवला. डावा : काटा ०.०६ मिमीच्या आत. उजवा : ०.३५. काटा एका फेरीत जेवढा हलतो त्याच्या निम्मा खरा बाक असतो, म्हणजे ०.१७ च्या आसपास, आणि तो बरोबर जिथे खालची टी पाइपला धरते त्याच्या जरा खाली. ही गाडी कधीतरी समोरून कशाला तरी धडकलीये.

बाबांना विचारलं. "छे, मी नाही धडकवली."

बारीक बाक प्रेसवर काढता येतो, पाइपला सुरकुती किंवा चपटी जागा असेल तर मात्र हात लावायचा नाही, तो पाइप गेला. आमच्याला सुरकुती नव्हती. दोन बाजूंना लाकडी ठोकळे, मधे पितळेचा घोडा, आणि थोडं थोडं दाबत, सोडत, परत मोजत. स्टील परत मागे येतं त्यामुळे हवं त्याच्या पलीकडे दाबावं लागतं आणि त्याचीच भीती वाटते. चार तासांनी ०.०८ वर आला आणि मी थांबले. अजून एकदा दाबायचा मोह झाला होता.

क्रोमवर गंजाचे खड्डे आहेत पण ते वरच्या भागात, टीच्या जवळ. झिपटाय तळापर्यंत गेला तरी सील तिथपर्यंत पोचत नाही त्यामुळे तिकडे दुर्लक्ष. सील फिरतं त्या पट्ट्यात दोनच बारके खड्डे होते, दोन भागांचं इपॉक्सी भरून, वाळवून, अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून सपाट केलं, नख फिरवलं तर अडकत नाही आता.

२६ ऑक्टोबर, रविवार

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. हँडल सरळ असताना एक हलकासा खटका लागायचा, जणू गाडीला सरळच जायचंय. रेस (गोळ्या ज्यात फिरतात त्या कड्या) काढून उजेडात धरल्या तर खालच्या रेसमध्ये गोळ्यांच्या ठशांची रांग, एकसारख्या अंतरावर, मोजता येतील अशी. बऱ्याच वर्षांचे दणके एकाच जागी खाल्ल्यावर असं होतं. सुट्या गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवली. फ्रेममधली जुनी रेस ठोकून काढायला जागा नव्हती, रेसच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची एक रेघ ओढली, गार होताना रेस आक्रसली आणि बोटाने निघाली. ही युक्ती ज्याने शोधली त्याचं भलं होवो.

घट्ट किती करायचं : चाक हवेत, हँडल मधून जरासं ढकललं की आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे, आणि बॉटम धरून पुढे-मागे ओढलं तर टक नको. दोन्हीच्या मधली जागा सापडली की झालं. टेपर रोलर सुरुवातीला जरा बसतात, दोनेकशे किमीनंतर परत बघावं लागेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

स्प्रिंगचा हिशोब. जुनी स्प्रिंग : तार ४.२ मिमी, मधला व्यास २३ मिमी, कामाचे वेढे साधारण ५०. सूत्र सोपंय, तारेच्या व्यासाचा चौथा घात वर आणि वेढ्याच्या व्यासाचा घन खाली, स्टीलचा शिअर मॉड्युलस ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर उत्तर ५.०५ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे ०.५२ किलो प्रति मिमी.

कागदावर विश्वास नाही म्हणून ड्रिल प्रेसखाली वजनकाटा ठेवून स्प्रिंग दाबली. २५ मिमीला साडेबारा किलो, ५० ला २६, ७५ ला ४०. कागद आणि काटा जुळले की जे समाधान मिळतं ते शब्दांत सांगता येत नाही. शेवटी जरा कडक होते कारण एका टोकाचे वेढे जवळजवळ आहेत, ते आधी मिटतात.

गाडी १६५ किलो, मी जॅकेट-हेल्मेटसकट ६८. पुढे येणाऱ्या वजनातून चाक, बॉटम वगैरे वजा केलं, फोर्कचा (म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीचा) कल धरला, तर एका स्प्रिंगवर साधारण ४२ किलो. ०.५२ च्या स्प्रिंगला हे झेपतच नाही. ०.८० ची सरळ दराची स्प्रिंग घेतली तर ४२ भागिले ०.८० म्हणजे साडेबावन्न मिमी दबणार, त्यातून प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच जेवढी दाबून ठेवतात ते मिमी) वजा, सॅग पस्तिशीत बसतो. ०.८० च्या मागवल्या.

एक गैरसमज इथेच काढते. "प्रीलोड वाढव, कडक होईल" असं सगळे म्हणतात. नाही होत. स्प्रिंगच्या वर जाड स्पेसर (भरीचा तुकडा) टाकला तर गाडी फक्त उंच बसते, स्प्रिंगचा दर तोच राहतो, पुढच्या प्रत्येक मिमीला तेवढेच किलो लागतात. कडक करायची तर स्प्रिंगच बदलायची. किंवा कापायची, वेढे कमी झाले की दर वाढतो, लोक करतात तसं, मला कापायला धीर झाला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

हा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा.

नवीन सील बसवले (पाइपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी ओढून, तिच्यावर ऑइल लावून, मग सील सरकवायचं, नाहीतर पाइपची धारदार कड सीलचा ओठ कापते). स्प्रिंगा नाहीत, ऑइल नाही, नुसतं सगळं जोडून बघायचं होतं की पाइप मोकळे सरकतात का. टीमध्ये पाइप घालून दोन्ही पाइपांवर एक जाड काच टेकवली, चारही कोपरे टेकतात का बघायला. एक कोपरा डुलत होता, टीचे बोल्ट सैल करून पिळून सरळ केलं, ०.१ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जाईनासा झाला. एक्सल घातला, चाक लावलं, एक्सलचा चिमटीचा बोल्ट सैल ठेवून शॉकअप चार वेळा वरखाली केला म्हणजे बॉटम आपली जागा घेतो, मग घट्ट.

चाक हाताने वर उचललं आणि सोडलं. धप्प! लोण्यासारखं खाली. परत. धप्प. मला इतकं बरं वाटलं की उगाच दहा वेळा केलं.

मग मडगार्ड लावलं, चार बोल्ट, शेवटचा जरा ओढूनताणून गेला, स्क्रू ड्रायव्हर घालून भोक जुळवावं लागलं. चाक उचललं, सोडलं.

अर्ध्यात थांबलं.

मी हाताने दाबलं तर खाली गेलं, सोडलं तर तिथेच. बघतच राहिले. मडगार्डचे बोल्ट सोडले, 'टंग', आणि चाक आपोआप धप्पकन खाली. तेव्हा १८ तारखेचा तो आवाज डोक्यात वाजला.

व्हर्नियर घेतला. दोन बॉटममधल्या कानांचं अंतर आणि मडगार्डच्या ब्रॅकेटची रुंदी, ब्रॅकेट ३ मिमी कमी. म्हणजे बोल्ट आवळले की ब्रॅकेट दोन्ही बॉटम आतल्या बाजूला ओढतं, खाली एक्सलने अंतर पक्कं धरलेलं, वर टीने पाइप पक्के धरलेले, आणि मधे हे ब्रॅकेट दोघांना चिमट्यात धरून. पाइप बॉटममध्ये तिरका होऊन घासणार नाहीतर काय करणार. ऑइलमधला अॅल्युमिनियमचा चुरा पण तोच.

ब्रॅकेट नीट बघितलं तर एका बाजूला जुनं वेल्डिंग, रंगाखाली झाकलेलं. बाबांना दाखवलं. बराच वेळ ते वेल्डिंगवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "हं. ती म्हैस." म्हणजे धडकवली होती. मडगार्ड चेपलं होतं, ब्रॅकेट तुटलं होतं, त्यांनी स्वतःच ठोकून सरळ केलं आणि वेल्ड करून घेतलं, आईला कळू नये म्हणून संध्याकाळच्या आत. तेव्हापासून गाडी अशीच चालत होती आणि सगळ्यांना वाटलं जुनी गाडी म्हणजे अशीच असते.

दीड-दीड मिमीचे दोन वायसर दोन बाजूंना. चाक उचललं, सोडलं. धप्प.

९ नोव्हेंबर, रविवार

नवीन स्प्रिंगा येऊन पडल्यात, हात शिवशिवतायत, पण एका वेळी एकच गोष्ट असं पहिल्या दिवशी लिहिलंय ना, म्हणून जुन्याच स्प्रिंगा आणि १० डब्ल्यू ऑइल (डब्ल्यूचा आकडा मोठा तितकं ऑइल जाड) घालून परत मोजलं.

१८२, १२६, १३६. सरासरी १३१, सॅग ५१, म्हणजे तिथे काही बदल नाही, होणारही नव्हता. पण फरक २४ वरून १०! दोन स्प्रिंगा मिळून मिमीला १.०४ किलो, तर आधी घर्षण दोन्ही दिशांना साडेबारा किलोचं होतं, आता पाचेक किलोचं.

फेरी मारली. नाक अजून खाली घालते, ते स्प्रिंगचं आहे. पण मनगटाचा ठणका कुठे गेला? त्याच रस्त्याचे तेच जोड. दोन वायसर, एक सरळ केलेला पाइप, नवीन सील आणि बेअरिंग. ऑइल जाड घातलं असतं तर हा ठणका अजून वाढला असता आणि मी म्हटलं असतं की शॉकअपमध्ये बसवायचे नवीन व्हॉल्व्ह घ्यायला पाहिजेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्प्रिंगा बसल्या. स्पेसर पीव्हीसी पाइपचा. शॉकअप पूर्ण सुटलेला, स्प्रिंग आत सोडली, स्प्रिंगच्या डोक्यापासून पाइपच्या कडेपर्यंत १३१ मिमी. त्यातून टोपी २२ मिमी आत जाते ती वजा, वायसर २ मिमीचा तो वजा, राहिले १०७, त्यात हवा तेवढा प्रीलोड १५ मिळवला, १२२. स्पेसर काटकोनात कापा, तिरका कापला तर स्प्रिंग एका बाजूला झुकून पाइपला घासते. आणि स्प्रिंग आणि पीव्हीसीच्या मधे वायसर हवाच, नाहीतर स्प्रिंगचं टोक प्लास्टिक खात जातं.

ऑइल मापाच्या भांड्याने नाही, उंचीने भरलं : स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, पाइपच्या कडेपासून ऑइलपर्यंत १४० मिमी, दोन्हीकडे सारखं. आतला व्यास २९ मिमी आहे, तेव्हा १० मिमी म्हणजे साडेसहा-सात सीसी. उरलेली जागा हवेची, आणि ती कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते, म्हणून ही उंची नुसती भरण्यापुरती नाही, सेटिंग आहे.

डावी टोपी बसवताना आटे पकडायच्या आत हातातून सुटली आणि थेट ट्यूबलाइट. फुटली नाही. बाबा म्हणाले प्रीलोड पुरेसा दिसतोय.

मापं : १८२, १४४, १५०. सॅग ३५, फरक ६. (फरक १० वरून ६ झाला म्हणून हुरळून जायचं नाही, स्प्रिंग दीडपट कडक आहे, त्याच घर्षणाला आता कमी मिमी दिसणार. किलोत पाचच्या आसपासच आहे.)

१६ नोव्हेंबर, रविवार

ब्रेकला नाक जागेवर. तोच कोपरा, तेच ब्रेक, झिपटाय तळापासून २८ मिमीवर. पण दोन नवीन तक्रारी. एक, हँडल जड झालंय, वळायला आळस करते. हे माझंच, पुढचं टोक आता आधीपेक्षा १७ मिमी उंच बसतंय ना, फोर्कचा कल वाढला. पाइप टीमध्ये १० मिमी वर सरकवले, त्याआधी स्प्रिंगा नसताना मडगार्ड आणि खालच्या टीमधलं अंतर मोजून ठेवलं होतं, २३ होतं म्हणून जमलं, नाहीतर जोरात दबल्यावर मडगार्ड टीला आपटलं असतं. १३३० मिमी व्हीलबेसला (दोन चाकांमधलं अंतर) १० मिमी म्हणजे ०.४ अंशाच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, हाताला लगेच कळलं.

दोन, खड्ड्यातून निघाल्यावर पुढचं टोक उसळतं. स्प्रिंग कडक झाली, तिच्यात जास्त ताकद साठते, आणि तिला परत येताना धरणारी बारकी भोकं जुन्या स्प्रिंगच्या मापाची. इथे, आत्ता, जाड ऑइलची पाळी आली. बाबा खूश. १५ डब्ल्यू घातलं. बाटलीवरच्या डब्ल्यूवर फार विसंबू नका, दोन कंपन्यांचं १५ सारखं नसतं, ४० अंशाला किती सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) ते बघून घ्या. माझं आधीचं ३२ होतं, हे ४६.

२३ नोव्हेंबर, रविवार

उसळणं गेलं. पण जाड ऑइलमुळे जोरात बसणारा धक्का, धारदार कडेचा खड्डा, आता पुन्हा हातात येतो.

हे डॅम्पर रॉडचं जन्मजात दुखणं. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ वर हायड्रॉलिक डॅम्पिंगचा टेलिस्कोपिक फोर्क दिला, आमच्या ट्विनमध्ये त्या घराण्यातलाच साधा प्रकार : ऑइल ठराविक मापाच्या भोकातून जातं. भोकातून जाणाऱ्या ऑइलचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. म्हणून ब्रेकला, जिथे शॉकअप हळू दबतो, तिथे विरोध जवळजवळ नाही, आणि कडक धक्क्याला शॉकअप दगड होतो. कुठलंही ऑइल घाला, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. यातून बाहेर पडायला असा व्हॉल्व्ह हवा जो दाब वाढला की उघडतो. डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसणारे इम्युलेटर तेच करतात.

खरं सांगायचं तर इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डॅम्पर रॉडला भोकं पाडली. मूळची ५ मिमीची चार होती, आता ८ मिमीची सहा, ७८ चौरस मिमीवरून ३०० वर, म्हणजे दाबताना रॉड आता अडवणारच नाही, अडवायचं काम व्हॉल्व्हचं. परत येतानाची वरची बारकी भोकं तशीच ठेवली, त्यांना हात लावायचा नाही. भोकांच्या जोड्या एकमेकींशी काटकोनात आणि वरखाली अंतर ठेवून, नाहीतर रॉड तिथेच मोडेल. आतबाहेरची बर (भोकाच्या कडेचा धारदार चुरा) कानस आणि पॉलिश पेपरने काढायला भोकं पाडण्याच्या दुप्पट वेळ गेला. या कामाला परतीचा रस्ता नाही, जुने रॉड हवे असतील तर दुसरे शोधून ठेवा.

इम्युलेटर १२ मिमी जाड, म्हणून स्पेसर १२ ने कापला, ११० झाला. इम्युलेटरचा स्क्रू (व्हॉल्व्ह किती दाबाला उघडेल ते ठरवणारा) दोन फेऱ्यांवर ठेवून बंद केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

काहीतरी चुकलंय. ब्रेक मारला की हँडल पिळल्यासारखं वाटतं, आणि डावीकडून 'चक्‌' असा आवाज. दोन्ही टोप्या काढल्या, स्प्रिंगा काढल्या, एक सळई दोन्ही पाइपांत सोडून इम्युलेटरच्या डोक्यापर्यंतची खोली मोजली. उजवा ठीक, डावा ६ मिमी वर. रॉडच्या डोक्यावर तिरका बसला होता, एका बाजूने ऑइल सरळ निसटत होतं. तारेच्या आकड्याने काढला. जुन्या रॉडचं डोकं खोलगट आहे, इम्युलेटरला सपाट जागा लागते, उजवा नशिबाने बसला एवढंच. लेथवर अॅल्युमिनियमच्या दोन चकत्या करून घ्यायला पाहिजेत.

बंद करायच्या आधी सळईने मोजलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

६ डिसेंबर, शनिवार

चकत्या बसवल्या, ३ मिमीच्या, स्पेसर परत तेवढा कापला, १०७. आधी सळईने मोजलं, दोन्हीकडे सारखं, मग बंद. दोन फेऱ्यांवर धारदार धक्का अजून जरा टोचत होता, दीडवर आणला. प्रत्येक बदलाला टोपी, स्पेसर, स्प्रिंग बाहेर, आकड्याने इम्युलेटर बाहेर, अर्धी फेरी, सगळं आत. एका दिवसात तीनदा केलं. दीडवर ठेवतेय.

आता ब्रेकला हळू आणि सरळ बसते, खड्ड्याच्या कडेला दबते आणि मोकळी होते. सुधारणा आहे, नक्की आहे. पण मनगटाला विचारलं तर ८ नोव्हेंबरचं नाव घेईल.

७ डिसेंबर, रविवार

बाबांनी फेरी मारली. त्यांचं वजन माझ्यापेक्षा १६ किलोने जास्त, सॅग ३९ आला, चालेल, एक वायसर वाढवायचा का विचारलं तर नको म्हणाले. मी झिपटाय खाली सरकवून दिला आणि गेटपाशी उभी राहिले.

पंधरा मिनिटांनी आले. गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, काही बोलले नाहीत. झिपटाय बघितला तर तळापासून ९ मिमीवर.

"बाबा, एवढा ब्रेक कुठे मारला?"

"म्हैस होती," म्हणाले, आणि आत गेले.